उतरणे उंचीवरच ठरते : ग्लायडरचे अपघात आणि अवतरणाचे नियोजन

९ ऑगस्ट १८९६ रोजी जर्मनीतील श्टोल्न या खेड्याजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवरून ऑटो लिलिएंथाल यांनी आपल्या ग्लायडरसह हवेत झेप घेतली. ते पेशाने अभियंता होते. पक्ष्यांच्या पंखांचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला होता, १८८९ मध्ये त्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला होता आणि १८९१ पासूनच्या पाच वर्षांत स्वतः बांधलेल्या ग्लायडरांतून सुमारे दोन हजार उड्डाणे केली होती. पंखांवर तरंगण्याचा एवढा अनुभव त्या काळी जगात अन्य कोणापाशीही नव्हता. त्या दिवशी वाऱ्याच्या एका झोताने यंत्राचे नाक वर उचलले गेले, वेग मंदावला आणि पंखांचा आधार सुटला. सुमारे १५ मीटर उंचीवरून लिलिएंथाल जमिनीवर आदळले. त्यांच्या मानेच्या मणक्याला जबर इजा झाली आणि दुसऱ्या दिवशी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

या घटनेला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. लाकूड आणि कापड यांच्या जागी काचतंतूंची गुळगुळीत, मजबूत ग्लायडरे आली. तोल सांभाळण्यासाठी वैमानिकाला आता आपले शरीर इकडेतिकडे झोकावे लागत नाही. तरीही ग्लायडरच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्यास एक गोष्ट वारंवार आढळते. उंच आकाशात, ढगांच्या पायथ्याशी, ग्लायडर सहसा सुरक्षित असते. अपघातांचा मोठा वाटा उतरण्याच्या शेवटच्या काही मिनिटांतला असतो. याचे कारण साधे आहे. हवेत झालेली चूक दुरुस्त करण्यासाठी उंची लागते आणि जमिनीजवळ तीच संपलेली असते.

आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेत विज्ञानाचा एखादा पाठ असावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे. इंजिनाविना उडणारे विमान खाली कसे येते, त्यात कोणत्या चुका घडतात आणि त्या टाळण्यासाठी अनुभवी वैमानिक कोणते नियोजन करतात, हे येथे पाहावयाचे आहे. विषय विमानाचा असला, तरी त्यातील बोध केवळ वैमानिकांपुरता नाही, असे वाचकांस लेखाअखेर वाटावे, अशी अपेक्षा आहे.

इंजिनाविना उड्डाण

ग्लायडरला स्वतःचे इंजिन नसते. जमिनीवरील विंच नावाच्या यंत्राने लांब दोर वेगाने गुंडाळून, अथवा दुसऱ्या विमानाने ओढून त्याला वर नेले जाते. दोर सुटला की पुढचा सारा प्रवास म्हणजे एका अदृश्य उतारावरून केलेली घसरण असते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी हवा सापडली, तर ग्लायडर तिच्यात फेऱ्या घेत उंची मिळवते. भर दुपारी पंख न हलवता आभाळात गिरक्या घेणारी घार हेच करीत असते. परंतु अशी हवा न सापडल्यास ग्लायडर अखंड खाली येत राहते.

महाराष्ट्राला या विद्येचा चांगला परिचय आहे. पुण्यात हडपसर येथे केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग सेंटर आहे. याच महासंचालनालयाच्या तांत्रिक केंद्राने भारतीय बनावटीची ग्लायडरे तयार केली आणि त्यांना नक्षत्रांची नावे दिली. अश्विनी, भरणी, रोहिणी ही त्यांपैकी काही. रोहिणीमध्ये शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी-शेजारी बसत असत. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील मुलामुलींनाही ग्लायडिंगचा अनुभव देण्यात आला आहे.

मोटारविमानाचा वैमानिक उतरताना अंदाज चुकला, तर इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर जाऊ शकतो, एक फेरी मारून नव्याने प्रयत्न करू शकतो. ग्लायडरच्या वैमानिकाला ही सोय नाही. प्रत्येक उड्डाणात त्याला उतरण्याची एकच संधी मिळते. म्हणूनच या विद्येत उतरण्याच्या नियोजनाला उड्डाणाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व आहे.

उंचीचा हिशेब

दहावीच्या विद्यार्थ्याला सहज करता येईल असे एक गणित घेऊ. समजा, एक ग्लायडर ताशी ९० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २५ मीटर पुढे जात आहे आणि त्याच वेळी सेकंदाला १ मीटर खाली येत आहे. वारा स्थिर आहे. ३०० मीटर उंचीवरून जमिनीपर्यंत येण्यास त्याला ३०० सेकंद लागतील आणि तेवढ्या वेळात ते ७,५०० मीटर, म्हणजे साडेसात किलोमीटर अंतर कापील.

आता समोरून ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा आहे असे धरू. ग्लायडर हवेतून २५ मीटर वेगानेच जात आहे, पण ती हवाच मागे सरकत असल्यामुळे जमिनीवरून पाहता त्याची प्रगती सेकंदाला १५ मीटर उरते. ३०० सेकंदांत अंतर होते साडेचार किलोमीटर.

यात आणखी एक भर घालू. वर जाणारी हवा असते तशी तिच्या आजूबाजूला खाली येणारी हवाही असते. ग्लायडर अशा हवेत सापडले आणि ती सेकंदाला २ मीटर खाली उतरत असली, तर खाली येण्याचा एकूण वेग ३ मीटर झाला. ३०० मीटर उंची आता १०० सेकंदांत संपेल आणि अंतर कापले जाईल केवळ दीड किलोमीटर.

उंची तीच, यंत्र तेच, वैमानिकही तोच. पण साडेसात किलोमीटरचे दीड किलोमीटर झाले. जो वैमानिक पुस्तकातील आकड्यावर विसंबून दूर गेला, तो परत येऊ शकत नाही. यासाठी शहाणा वैमानिक सर्वोत्तम परिस्थितीचा आकडा मनात न धरता बऱ्याच वाईट परिस्थितीचा धरतो आणि धावपट्टीपासून आपले अंतर त्या मानाने राखतो.

तीन बाजूंचा मार्ग

उतरण्यासाठी ग्लायडर सहसा धावपट्टीकडे एकदम येत नाही. धावपट्टीच्या एका अंगाने, तिला समांतर आणि वाऱ्याच्या दिशेने ते प्रथम जाते. ही पहिली बाजू. मग काटकोनात वळून धावपट्टीच्या टोकामागून आडवे जाते. ही दुसरी बाजू. शेवटी पुन्हा वळून वाऱ्याला सामोरे जात धावपट्टीवर येते. ही तिसरी आणि अखेरची बाजू. पहिल्या बाजूवर ग्लायडर साधारणतः २०० ते २५० मीटर उंचीवर असते आणि अखेरचे वळण सुमारे १०० मीटर उंचीवर पुरे व्हावे, असा दंडक असतो.

हा वळसा कशासाठी? पहिल्या बाजूवर असताना उतरण्याची जागा सतत वैमानिकाच्या नजरेत राहते. धावपट्टीवर गुरे, माणसे किंवा दुसरे ग्लायडर आहे काय, हे दिसते. वाऱ्याने आपण किती ढकलले जात आहोत, हे कळते. आणि मुख्य म्हणजे या मार्गावर हिशेब दुरुस्त करता येतो. उंची कमी वाटली तर दुसऱ्या बाजूकडे लवकर वळून वाट आखूड करता येते. उंची जास्त वाटली तर थोडे पुढे जाऊन वळता येते.

अखेरच्या बाजूवर आल्यानंतर हाताशी आणखी एक साधन असते, ते म्हणजे एअरब्रेक. पंखांच्या पृष्ठभागातून उभ्या फळ्या वर येतात, हवेला अडवतात आणि ग्लायडर अधिक तीव्र उताराने खाली येऊ लागते. फळ्या मिटल्या की उतार पुन्हा सौम्य होतो. येथील नियोजनाचे सूत्र असे की, एअरब्रेक अर्धे उघडलेले असताना ग्लायडर ठरलेल्या जागी पोहोचेल असा मार्ग आखावा. पूर्ण उघडून पोहोचण्याची योजना केली, तर अंदाजापेक्षा उंच राहिल्यास उपाय उरत नाही. पूर्ण मिटून पोहोचण्याची योजना केली, तर उंची किंचित कमी पडल्यासही उपाय उरत नाही. अर्ध्यावर असताना दोन्ही बाजूंना जागा राहते.

येथे आपल्या परंपरेतील सोण भिक्खूची कथा आठवल्याशिवाय राहत नाही. अतिरेकी साधनेने त्याचे पाय रक्तबंबाळ झाले आणि तो निराश झाला. गृहस्थाश्रमात तो उत्तम वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांविषयी विचारले आणि त्याच्याच तोंडून वदवून घेतले की, फार ताणलेली तार आणि फार सैल तार या दोन्हींतून सूर उमटत नाही. मध्यम मार्ग म्हणजे दोन टोकांच्या मधला आळशी तडजोडीचा बिंदू, असा अनेकांचा समज असतो. अर्ध्या एअरब्रेकचे उदाहरण त्याचा वेगळा अर्थ दाखवते. मध्ये राहणे म्हणजे दोन्ही दिशांना दुरुस्ती करण्याची क्षमता राखून ठेवणे.

उतार बरोबर आहे की नाही, हे समजण्याचे साधनही सोपे आहे. जमिनीवर एक बिंदू निश्चित करावयाचा आणि समोरच्या काचेत तो कोठे दिसतो याकडे लक्ष ठेवावयाचे. बिंदू काचेत एकाच ठिकाणी स्थिर राहिला, तर ग्लायडर त्याच बिंदूकडे जात आहे. तो वर सरकू लागला तर आपण अलीकडेच टेकणार. खाली सरकू लागला तर पलीकडे जाणार. यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. लागते ती सावध नजर.

चुका कोठे होतात

पहिली आणि सर्वांत घातक चूक म्हणजे उतार ताणण्याचा प्रयत्न. धावपट्टी समोर दिसत आहे, पण आपण तेथपर्यंत पोहोचत नाही, असे वैमानिकाच्या ध्यानात येते. कुंपण, झाडे किंवा रस्ता मध्ये आहे. अशा वेळी हात आपोआप दांडी मागे ओढतो, कारण नाक वर केले की आपण वर राहू, असे मनाला वाटते. प्रत्यक्षात नाक वर केल्याने वेग घटतो. एका ठराविक वेगाखाली हवेचा अडथळा वाढत जातो आणि ग्लायडर अधिक वेगाने खाली बसू लागते. वैमानिक घाबरून दांडी आणखी ओढतो. शेवटी पंखांवरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते आणि पंखांचा आधार नाहीसा होतो. यालाच स्टॉल म्हणतात. लिलिएंथाल यांचा घात झाला तो याच अवस्थेने. योग्य उपाय मनाच्या ओढीच्या उलट आहे. एअरब्रेक मिटावेत, वेग राखावा, समोरचा वारा जोराचा असेल तर नाक किंचित खालीच धरावे आणि तरीही पोहोचता येत नसेल तर अलीकडच्या मोकळ्या जागेत व्यवस्थित उतरावे.

दुसरी चूक अखेरच्या वळणाची. उंची कमी झालेली असते, जमीन जवळ दिसते आणि तिच्या भीतीने वैमानिक पंख पुरेसा कलवत नाही. वळण तर पुरे करावयाचे असते. मग तो पायाने शेपटीचे सुकाणू जास्त दाबून नाक फिरवू पाहतो आणि खाली झुकणारे नाक दांडी ओढून वर धरतो. या दोन्ही क्रिया एकत्र आल्या की एका पंखाचा आधार आधी सुटतो आणि ग्लायडर भोवऱ्यासारखे फिरत खाली जाते. वळताना पंखांवर भार वाढतो, ही गोष्टही येथे लक्षात घ्यावी लागते. ४५ अंश कललेल्या वळणात स्टॉलचा वेग सरळ उड्डाणाच्या मानाने सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो आणि ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. सरळ जाताना ताशी ६५ किलोमीटरला आधार सोडणारे पंख ४५ अंशांच्या वळणात ७७ लाच तो सोडतात.

तिसरी चूक वाऱ्याच्या उतरंडीचा विसर पडण्याची. झाडे, घरे आणि खुद्द जमीन यांच्या घर्षणामुळे जमिनीलगत वारा मंद असतो आणि वर जोरात असतो. समोरच्या वाऱ्यात खाली येणाऱ्या ग्लायडरला हा फरक वेग गमावल्यासारखा जाणवतो. वर ताशी ४० किलोमीटरचा वारा खाली २० झाला आणि हा बदल थोड्याच उंचीत घडला, तर तेवढा २० चा वेग पंखांवरून अचानक कमी होतो. म्हणून वाऱ्याच्या दिवशी अखेरच्या बाजूवर वेग अधिक ठेवतात. वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे निम्म्याएवढी भर घालण्याची रीत प्रचलित आहे.

चौथी चूक याच्या उलट टोकाची. भीतीपोटी फार वेग ठेवला, तर ग्लायडर टेकतच नाही. जमिनीलगत तरंगत धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे जाते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. ताशी ८० ऐवजी १०० वेगाने टेकलेल्या ग्लायडरमध्ये जिरवावयाची ऊर्जा दीडपटीहून अधिक असते.

पाचवी चूक हाताची. एअरब्रेकची दांडी समजून चाक वर-खाली करण्याची दांडी ओढल्याची उदाहरणे ग्लायडिंगच्या जगात परिचित आहेत. वैमानिक दांडी ओढतो, ग्लायडर खाली येत नाही, म्हणून तो अधिक जोराने ओढतो. हाताकडे एक कटाक्ष टाकला असता तर उलगडा झाला असता. पण घाईत असलेले मन आपले गृहीतक तपासत नाही.

राइट बंधूंची यातील वाटचाल उद्बोधक आहे. १९०२ साली अमेरिकेतील किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर ते ग्लायडर उडवीत होते. काही वेळा एक पंख खाली झुके, तो सावरण्याचा प्रयत्न उलटाच परिणाम करी, पंखाचे टोक वाळूत रुते आणि यंत्र त्याभोवती गरकन फिरे. वाळूत पडणाऱ्या खळग्यावरून त्यांनी या प्रकाराला विहीर खणण्याचे विनोदी नाव दिले होते. पण नाव देऊन ते थांबले नाहीत. असे प्रत्येक वेळी का घडत नाही, कधी कधीच का घडते, यावर त्यांनी विचार केला. स्थिर असलेल्या शेपटीच्या जागी फिरते सुकाणू बसवले आणि दोष दूर झाला. पुढच्याच वर्षी, १९०३ च्या डिसेंबरात, त्यांचे इंजिनाचे विमान उडाले. विहिरी खणल्या गेल्या नसत्या, तर ते सुकाणू सुचले नसते.

घरापासून दूर उतरताना

लांब पल्ल्याच्या उड्डाणात अनेकदा आपल्या धावपट्टीपर्यंत परतता येत नाही आणि एखाद्या शेतात उतरावे लागते. ग्लायडिंगमध्ये ही नामुष्की मानली जात नाही. सहकारी गाडी घेऊन येतात, पंख सुटे करतात आणि ग्लायडर परत नेतात. तथापि शेत निवडण्याचा निर्णय केव्हा घेतला, यावर सारे अवलंबून असते.

रूढ शिकवण अशी आहे. जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंची उरली की उतरण्याजोगा प्रदेश नजरेखाली ठेवावा. ४५० मीटरवर नेमके शेत ठरवावे. ३०० मीटरवर वर जाणाऱ्या हवेचा शोध सोडून द्यावा आणि उतरण्याच्या मार्गाला लागावे. येथे उंची म्हणजे समोरच्या जमिनीपासूनची उंची. उड्डाणाच्या ठिकाणी शून्यावर लावलेला उंचीमापक दुसऱ्या गावाच्या उंचसखल रानावर खोटे सांगतो, म्हणून शेवटी नजरेवरच भिस्त ठेवावी लागते.

शेत कसे असावे? लांबी पुरेशी हवी आणि येण्याच्या वाटेवर उंच झाडे नसावीत. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधावेत आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असे समजावे. चढ असल्यास चढाच्या दिशेने उतरावे. काढणी झालेले, धसकटांचे सपाट रान उत्तम. नांगरट असल्यास तासांच्या दिशेने जावे. महाराष्ट्राच्या पठारावर लहान वावरे, मधले बांध आणि ताली यांचे भान ठेवणे भाग आहे. उसाचा फड वरून हिरव्या गालिच्यासारखा सपाट दिसतो, पण तो पुरुषभर उंच असतो. त्यात पंखाचे एक टोक अडकले की ग्लायडर जागच्या जागी फिरते आणि शेपूट मोडते. हे सारे पाहण्यास वेळ लागतो आणि वेळ म्हणजे उंची.

मग अनुभवी माणसेही उशीर का करतात? कारण घर जवळ आले असे वाटते. आणखी थोडे पुढे गेलो तर वर जाणारी हवा मिळेल, असे वाटते. चांगले शेत मागे पडते, दुसरे मागे पडते, आणि अखेरीस जेथे निवडीला वाव उरत नाही तेथे जमीन समोर येते. घराची ओढ म्हणजे काय, हे निवासी विद्यालयात लहानपणी आलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना कोणी समजावून सांगावयास नको. ती ओढ चांगली आहे. तिच्या हाती दांडी देणे मात्र चांगले नाही.

गिम्लीचा धडा

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले होते. विमानात एकूण ६९ माणसे होती. इंधनमापक यंत्रणा नादुरुस्त असल्यामुळे टाकीतील इंधन हाताने मोजण्यात आले. प्रवासासाठी २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. लिटरचे किलोग्रॅम करताना सुमारे ०.८ ने गुणावयास हवे होते, प्रत्यक्षात १.७७ हा गुणक वापरला गेला, जो किलोग्रॅमचा नसून पौंडाचा होता. परिणामी आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघाले. उत्तरापुढे एकक लिहिले नाही म्हणून गुण कापणाऱ्या आपल्या शिक्षकांवर आपण मनातल्या मनात रागावलो होतो, त्याचे येथे स्मरण व्हावे.

४१,००० फूट उंचीवर असताना इंधन संपत आल्याचे इशारे सुरू झाले. वैमानिकांनी विनिपेगकडे वळण्याचे ठरवले. थोड्याच वेळात दोन्ही इंजिने बंद पडली आणि ते अजस्र प्रवासी विमान ग्लायडर झाले. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना सुदैवाने ग्लायडिंगचा अनुभव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटाल यांनी हिशेब मांडला. १० सागरी मैलांत ५,००० फूट उंची गेली होती, म्हणजे १ फूट खाली येताना विमान सुमारे १२ फूट पुढे जात होते. या मानाने विनिपेग गाठता येत नव्हते.

या क्षणी त्यांनी विनिपेगचा नाद सोडला. उंची शिल्लक असतानाच सोडला. क्विंटाल यांनी कॅनडाच्या हवाई दलात असताना गिम्ली येथील तळावर काम केले होते. तो पर्याय त्यांनी सुचवला. तळ बंद झालेला होता आणि तेथील एका धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत असत, याची त्यांना कल्पना नव्हती. त्या दिवशीही तेथे माणसे जमली होती. विमान गिम्लीजवळ आले तेव्हा उंच आणि वेगात होते. फेरी मारण्याइतकी उंची नव्हती, तसेच उतरण्यास जास्त होती. तेव्हा पिअर्सन यांनी ग्लायडरमध्ये वापरतात ती युक्ती केली. सुकाणू एका बाजूला आणि पंखांचा कल दुसऱ्या बाजूला देऊन त्यांनी विमान तिरके घसरवले, जेणेकरून हवेचा अडथळा वाढला आणि वेग न वाढता उंची कमी झाली. पुढचे चाक नीट न अडकल्याने टेकताच दुमडले आणि विमान नाकावर घासत थांबले. किरकोळ दुखापतींपलीकडे कोणासही काही झाले नाही.

या घटनेतील घसरवण्याच्या कौशल्याचे नेहमी कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण ते कौशल्य वापरण्याची संधी आधीच्या एका शांत हिशेबाने निर्माण केली होती. विनिपेगच्या दिशेने आणखी काही मिनिटे आशेवर काढली असती, तर गिम्लीही हातचे गेले असते.

चूक सांगण्याची रीत

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत अपघाताच्या चौकशीचा हेतू स्पष्ट केला आहे. अपघात पुन्हा घडू नये, एवढाच तो हेतू होय; दोष कोणाच्या माथी मारणे हा नव्हे. ज्या समूहात चूक सांगणाऱ्याची हेटाळणी होते, तेथे माणसे चुका लपवतात आणि पुढचा माणूस त्याच जागी पडतो. जेथे वैमानिक सायंकाळी सहकाऱ्यांत बसून आज आपले वळण फार खाली झाले हे मोकळेपणी सांगू शकतो, तेथे नवशिका त्याच्या चुकीतून, स्वतः न पडता, शिकतो.

बौद्धांना ही रीत परकी नाही. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खुसंघ प्रवारणा करतो. त्या वेळी प्रत्येक भिक्खू, मग तो कितीही ज्येष्ठ असो, आपल्या वागणुकीत काही दोष पाहिला, ऐकला वा संशयिला असेल तर तो दाखवून द्यावा, अशी संघाला विनंती करतो. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची ही व्यवस्था आणि आजची सुरक्षिततेची चौकशी यांचा गाभा एकच आहे. दोष दाखवणारा शत्रू नसून सहप्रवासी आहे.

पालकांनी आणि शिक्षकांनी या पाठातून एवढे घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. आपल्या मुलांपुढे आपण एकच धावपट्टी ठेवतो. अमुक परीक्षा, तमुक प्रवेश, अमुक पद. ती गाठता येत नाही हे मुलाला आपल्या आधी कळलेले असते, पण बोलण्याची सोय नसते; म्हणून ते दांडी मागे ओढत राहते. बाहेरून ते अजून उंच दिसते, पण आत वेग संपत आलेला असतो. अशा वेळी शेजारचे शेत दाखवणारे, तेथे उतरल्यावर गाडी घेऊन आनंदाने न्यायला येणारे कोणीतरी हवे असते. मूल उंचीवर असतानाच आपण ते व्हावे. दुसऱ्या शेतात नीट उतरलेले ग्लायडर उद्या पुन्हा उडते.

बाबासाहेबांनी विद्येबरोबर प्रज्ञा आणि शील यांचा आग्रह धरला. उंच कसे जावे हे विद्या शिकवते. किती उंची उरली आहे, हे स्वतःशी प्रामाणिकपणे मोजण्यास प्रज्ञा लागते आणि मोजून आलेले उत्तर नावडते असले तरी त्याप्रमाणे वागण्यास शील लागते. तथागतांच्या अखेरच्या उपदेशात ज्या अप्रमादावर, म्हणजे अखंड सावधपणावर भर आहे, त्याचेच हे एक छोटेसे, पंख असलेले रूप होय. आपल्या विद्यालयातून पुढे उडणाऱ्या प्रत्येकास भरपूर उंची लाभो आणि उतरण्याची जागा ती उंची असतानाच दिसो, हीच मंगल कामना.